दुरुस्ती

शिरोलीच्या फाउंड्रीत मुलाखतीला बसले तेव्हा
साहेबांनी विचारलं, अनुभव?
डिप्लोमा होता, ट्रेनिंगचे सहा महिने होते,
तरी तोंडातून निघालं,
‘एका भिंतीची संपादक होतो. दीड वर्ष.’
त्यांना कळेना, भिंतीला हसावं की ‘होतो’ला.

आम्ही कोल्हापूरच्या पोरी,
आलो-गेलो करतच वाढलो.
सरनाईक बाई लाल पेनानं ‘आलो’चं ‘आले’ करायच्या :
‘बोलणं तुझं. कागद सगळ्यांचा.’

भिंत जिन्याखालची. प्लायवूडचा तक्ता,
चार टाचण्या, त्यातली एक कायम चोरीला.
पत्रकाचं नाव ‘खडू’.
शुक्रवारी मधल्या सुट्टीआधी लागलं नाही,
तर नववी ब ची पोरं
रिकाम्या तक्त्यावर स्वतःची नावं लिहायची.
मुदत म्हणजे काय, ते तिथं कळलं.

दुसरं जे कळलं, ते सांगायला वेळ लागतो.

‘दोन वर्षांत टाकी धुतलीच नाही!’
मथळा माझा. निळा स्केचपेन.
नळाचं शेवाळ मी डोळ्यांनी पाहिलं होतं.
खाली एक ओळ जास्तीची : शिपाई करतात तरी काय?
तेवढीच सगळ्यांनी वाचली.
दुपारी खाडेमामा घंटा द्यायला निघाले
आणि व्हरांडाभर पोरं ओरडली, टाकी, टाकी.

‘मामांना विचारलंस?’ बाई म्हणाल्या.
‘नळ बघितला की.’
‘नळ बघितलास.’
पुढं त्या काही बोलल्या नाहीत.

शनिवारी सायकल काढली.
गंगावेशीच्या पुढं, बोळातलं तिसरं दार.
मामा म्हशीची धार काढत होते,
हातानंच खूण केली, थांब.
चरवी भरेपर्यंत उभी राहिले.
इतका वेळ गप्प मी कधीच नव्हते.

‘दर म्हयन्याला दुसऱ्या शनवारी धुतोय मी टाकी.
पायप गंजलाय. अर्ज दिलाय, दोनदा.
तू माझं नाव घातलं न्हाईस,
खरं शाळंत शिपाई एकच हाय की गं.’

दुरुस्ती मला कोपऱ्यात लावायची होती.
बाईंनी तोच निळा पेन पुढं केला :
तीच जागा, तेवढंच मोठं अक्षर.
लिहिताना हात कापला नाही, कान तापले.
पाइप एप्रिलात बदलला.
‘खडू’मुळं की अर्जामुळं, मला माहीत नाही,
आणि मी तसं छापलंही नाही.

आज रात्रपाळी.
पंपाच्या बावीस बॉड्यांना पिनहोल.
फॉर्मवर ‘कारण’चा रकाना दोन बोटं रुंद,
मथळ्याएवढाच.
‘मोल्डिंगची चूक, एवढंच लिहा मॅडम,’
साहेब घड्याळाशी बोलल्यासारखे, ‘आठला गाडी आहे.’
नाव घालायचंच नव्हतं.
मोल्डिंगला या पाळीत माणूस एकच.

जिना उतरले.
इलाही मुल्लाणींनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला.
‘विचारायला आलो,’ मी म्हटलं.
त्यांनी आधी माझ्याकडं, मग पेनाकडं बघितलं.
‘वाळू ओली येतीया सोमवारपास्नं.
शेडचा पत्रा बघा जावा.’

पत्रा बघितला, टॉर्च मारून.
वाळू मुठीत धरली, तळव्याला चिकटून राहिली.
रजिस्टर उघडलं :
तीन दिवस, तीन नोंदी, त्यांच्या सहीच्या.
खाली कुणाचीच सही नाही.

रकान्यात मावलं :
वाळूत ओल. पत्रा गळका. नोंद सोमवारची.
साहेबांनी वाचलं, कागद उलटा ठेवला,
वर पेपरवेट.
गाडी साडेनऊला सुटली.

केएमटीत खिडकीशी बसून आईला फोन केला,
‘उशीर झाला, खाली जाऊन विचारून आलो.’
तिनं विचारलं, कुणाला, काय?
सांगता सांगता मीच अडखळले :
बावीस की तेवीस?
डोळे मिटून पुन्हा रांग मोजली.
बावीस.
तरी उद्या गेल्यावर
आधी हात लावून मोजणार.